सुरतेच्या मुक्कामी: आकाशातला एक खडा

कोल्हापूरहून अहमदाबादला जाणाऱ्या गाडीने सुरतेला उतरले तेव्हा उजाडायचे होते. रविवार होता, १६ फेब्रुवारी २०२५. भाची आणि जावई दोघेही स्टेशनावर आले होते. आमच्याकडे निपाणीत सुरत म्हटले की दोनच गोष्टी आठवतात. एक म्हणजे शाळेच्या पुस्तकातली १६६४ सालची सुरतेची स्वारी, आणि दुसरी लग्नसराईतल्या साड्या. रिक्षात मी तसे बोलून दाखवले तेव्हा जावईबापू हसून म्हणाले, "मावशी, इथल्या लोकांनाही दोन्ही ठाऊक आहेत. पहिल्याबद्दल आपण बोलायचे नाही, आणि दुसऱ्याचा भाव करायचा!"

माझी थोरली बहीण, जिला आम्ही सगळे अक्का म्हणतो, ती चिकोडी तालुक्यात कृष्णाकाठच्या एका कन्नड घरात दिलेली. तिची ही मुलगी. जावई बेळगावकडचे, २००३ साली हिऱ्यांच्या एका कचेरीत नोकरी मिळाली आणि ते इथलेच झाले. घर तापीपलीकडे अडाजणला. त्यांची मुलगी, म्हणजे माझी नात, नववीत आहे. ती माझ्याशी मराठीत, अक्काशी फोनवर कन्नडात, शेजारणीशी गुजरातीत आणि शाळेत इंग्रजीत बोलते. घरात दोन भाषा असल्याचे आपल्या सीमाभागात आपल्याला मोठे कौतुक. सुरतेत ते कोणालाच नाही. इथली महापालिका मराठी धरून सात माध्यमांच्या शाळा चालवते. उधना, लिंबायतकडे गेले की खानदेशातून आलेली माणसे घरच्यासारखी बोलायला लागतात.

दुपारी भाचीने पोंक आणला. पोंक म्हणजे आपला हुरडा, कोवळ्या ज्वारीचा. आपल्याकडे तो शेतात आरावर भाजायचा आणि हातावर चोळून खायचा. अक्काच्या घरी त्याला सीतनी म्हणतात. सुरतेत तो निवडून, तोलून विकायला ठेवतात आणि लिंबू-मिऱ्याच्या शेवेबरोबर खातात. एका कणसाची तीन नावे झाली, चव तीच. थंडी सरत आली होती, त्यामुळे हंगामही सरत आला होता.

पोंक खात बसलो असताना टीव्हीवर एक बातमी लागली. पृथ्वीकडे आगीचा लोळ झेपावतो आहे असे चित्र, वर लाल अक्षरे, आणि निवेदकाचा आवाज चढलेला. भाचीने आवाज कमी केला, पण नात म्हणाली, "आई, राहू दे. चित्र खोटे आहे, पण बातमी खरी आहे."

बातमी अशी होती. २७ डिसेंबर २०२४ रोजी चिलीतल्या अ‍ॅटलास या दुर्बिणीला एक लघुग्रह दिसला. त्याला २०२४ वायआर-४ असे तात्पुरते नाव मिळाले. अंदाजे आकार ४० ते ९० मीटर. २२ डिसेंबर २०३२ या दिवशी तो पृथ्वीवर आदळण्याची शक्यता जानेवारीच्या अखेरीस १ टक्क्याच्या वर गेली होती आणि फेब्रुवारीत २ टक्क्यांच्या वर. आदळलाच तर कुठे, याचा एक लांबट पट्टाही शास्त्रज्ञांनी काढला होता. तो पूर्व पॅसिफिकपासून दक्षिण अमेरिकेचा उत्तर भाग, अटलांटिक महासागर, आफ्रिका आणि अरबी समुद्र ओलांडून थेट दक्षिण आशियापर्यंत येत होता. टीव्हीवाल्यांना एवढे पुरेसे होते.

तासाभरात अक्काचा फोन आला. तिने कन्नड वाहिनीवर तेच पाहिले होते. कन्नडात लघुग्रहाला क्षुद्रग्रह म्हणतात. आपल्या मराठीत क्षुद्र म्हणजे हलका, तुच्छ. पण अक्काच्या आवाजात तो काही क्षुद्र नव्हता.

"हौदेनवा? समुद्रात पडणार म्हणे. सुरत समुद्राकाठीच ना?"

"अक्का, २०३२ ला अजून सात वर्षे आहेत. आणि पडेलच असे कोणी म्हटलेले नाही."

"सात वर्षे काय, म्हणता म्हणता जातात. पोरीला म्हणावे, इकडे या. इथे आपले घर आहे."

ते घर कृष्णेच्या काठावर आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये त्याच्या माजघरात कमरेएवढे पाणी होते. फोनवर मी ते बोलले नाही. पण सुरतेत होते तेवढे दिवस ते मनातून गेले नाही.

दुसऱ्या दिवशी नात शाळेतून आल्यावर म्हणाली, "मावशीआजी, तू टीव्ही बघू नकोस. मी तुला खरे काम दाखवते."

तिच्या शाळेतली काही मुले लघुग्रह शोधण्याच्या एका मोहिमेत भाग घेतात. जगभरच्या शाळा-कॉलेजांतल्या मुलांसाठी अशा मोहिमा चालवणारी एक आंतरराष्ट्रीय संस्था अमेरिकेत टेक्सासमध्ये आहे. हवाई बेटांवर पॅन-स्टार्स नावाची दुर्बीण आहे. तिने घेतलेले आकाशाचे फोटो या मुलांना संगणकावर मिळतात. आकाशाच्या एकाच तुकड्याचे, थोड्या थोड्या मिनिटांच्या अंतराने घेतलेले चार फोटो. ते एकामागून एक भराभर दाखवायचे. तारे जागच्या जागी राहतात. एखादा ठिपका मात्र सरळ रेषेत थोडा थोडा सरकतो. तो लघुग्रह असण्याचा संभव असतो.

सांगायला हे सोपे आहे. मी चष्मा पुसून बसले. काळे-पांढरे, बारीक मिरी पसरल्यासारखे चित्र. मी उत्साहाने एक ठिपका दाखवला. "तो कॅमेऱ्यातला दोष आहे," नात म्हणाली. दुसरा दाखवला. "तो एकाच फोटोत आहे, पुढे नाहीच." तिसऱ्या वेळी मी गप्प बसले आणि नुसती पाहत राहिले. मग कोपऱ्यात एक फिकट कण उजवीकडे सरकल्यासारखा वाटला. तिने तो भाग मोठा केला. चारही फोटोंत तो होता, समान अंतराने, एका रेषेत. "हा आहे," ती म्हणाली, "पण हा आधीच सापडलेला आहे. यादीत त्याचे नाव आहे." तरी मला आनंद झाला. कोट्यवधी मैलांवरचा एक दगड अडाजणच्या तिसऱ्या मजल्यावर बसून मी सरकताना पाहिला होता.

या शहरात हे वेड कुठून आले, तेही नातीने सांगितले. २०२० साली, टाळेबंदीच्या काळात, सुरतेतल्याच एका शाळेतल्या दहावीच्या दोन मुलींनी अशाच मोहिमेत एक नवा ठिपका शोधला. भारतात ही मोहीम 'स्पेस इंडिया' या संस्थेने चालवली होती. त्या ठिपक्याला एचएलव्ही २५१४ असे नाव मिळाले. जुलै २०२० मध्ये बातमी देशोदेशींच्या वर्तमानपत्रांत आली. हा लघुग्रह सध्या मंगळाजवळ आहे आणि सुमारे १० लाख वर्षांनी त्याची वाट पृथ्वीच्या वाटेला छेद देईल, असे तेव्हा सांगितले गेले. काही ठिकाणी मथळा मात्र असा पडला की, जणू सुरतेच्या मुलींनी पृथ्वीवर चाल करून येणारा शत्रूच पकडला.

नातीने वहीत त्या बातमीचे कात्रण चिकटवले आहे. त्याखाली तिच्या शिक्षकांनी पेन्सिलने लिहिले आहे, "पहिले दर्शन म्हणजे ओळख नव्हे." हे फार मोलाचे वाक्य आहे. पहिल्यांदा ठिपका दिसला की तो केवळ प्राथमिक शोध. दुसऱ्या दिवशी, आठवड्याने, पुढच्या वर्षी तो पुन्हा दिसावा लागतो. अमेरिकेतल्या मायनर प्लॅनेट सेंटर या कचेरीत जगभरच्या अशा नोंदी जमतात. कक्षा पक्की होऊन कायमचा क्रमांक मिळायला अनेक वर्षे जातात. नाव त्याच्याही नंतर. थोड्या दिवसांच्या नोंदीवरून लाखो वर्षांपुढचे भविष्य कोणी छातीठोक सांगत नाही. त्या दोन मुलींनी जे केले ते मथळ्यापेक्षा साधे होते आणि मथळ्यापेक्षा मोठेही. आजवर ज्याच्याकडे कोणाचे लक्ष गेले नव्हते, त्याच्यावर त्यांनी बोट ठेवले.

आपल्या देशाला हे काम नवे नाही. मद्रासच्या वेधशाळेत पॉगसन या इंग्रज ज्योतिर्विदाने १८६१ साली शोधलेल्या लघुग्रहाचे नाव 'एशिया' आहे, कारण आशियातून सापडलेला तो पहिला. १९८८ साली तमिळनाडूतल्या कावलूरच्या वेधशाळेतून आर. राजमोहन यांनी शोधलेल्या लघुग्रहाला गणिती रामानुजनांचे नाव दिले आहे. त्या शोधमोहिमेचे नाव होते 'कल्की'. आज लडाखमध्ये हानले येथे मुंबईची आयआयटी आणि बेंगळुरूची भारतीय खगोलभौतिकी संस्था मिळून ग्रोथ-इंडिया नावाची ७० सेंटिमीटर आरशाची दुर्बीण चालवतात. पृथ्वीजवळून वेगाने जाणाऱ्या लघुग्रहांवर तीही नजर ठेवते.

बुधवारी सकाळी जावईबापू चहा घेताना म्हणाले, "मावशी, तुमचा खडा वर चढला. ३.१ टक्के." अमेरिकेच्या नासाने मंगळवारी, १८ फेब्रुवारीला हा आकडा जाहीर केला होता. एवढ्या आकाराच्या लघुग्रहासाठी आजवरचा तो सर्वांत मोठा. भाचीचा चेहरा उतरला. "म्हणजे आणखी जवळ आला का?"

जावयांनी टेबलावर वर्तमानपत्राचा तुकडा घेतला आणि त्याची घडी घालून पुडी केली. हिऱ्यांच्या बाजारात अशा कागदी पुडीला पडीकुं म्हणतात. म्हणाले, "समजा या पडीकुंत शंभर खडे आहेत. त्यातला एक खोटा आहे, हे मला ठाऊक आहे, पण कोणता ते ठाऊक नाही. तुम्ही तुमच्यासाठी एक खडा आधीच बाजूला निवडून ठेवलात. तो खोटा असण्याची शक्यता शंभरात एक. आता मी आयग्लास लावून बाकीचे एकेक तपासतो. खरे निघतील ते बाहेर काढतो. पन्नास काढले, तर उरलेल्या पन्नासांत एक खोटा. तुमच्या खड्याची शक्यता दुप्पट झाली. पण तुमच्या खड्यात काही फरक पडला का?"

"नाही," भाची म्हणाली.

"अडुसष्ट काढले की बत्तीस उरतात. बत्तीसात एक म्हणजे ३.१ टक्के. हेच तर आज झाले आहे. पुढे कधीतरी खोटा खडा सापडतो. तो तुमचा नसला तर तुमची शक्यता एका क्षणात शून्य होते."

मी आयुष्यभर शाळेत गणित शिकवले, पण संभवनीयतेचा असा धडा मला कधी देता आला नव्हता. लघुग्रहाचेही असेच असते. सुरुवातीच्या थोड्या नोंदींवरून २०३२ साली तो नेमका कुठे असेल हे कळत नाही. 'या लांबलचक पट्ट्यात कुठेतरी' एवढेच कळते. त्या पट्ट्यात पृथ्वी हा एक लहानसा ठिपका. नोंदी वाढतात तसा पट्टा आखडतो. पृथ्वी अजून त्यात असेल तर तिचा वाटा वाढतो, आणि टक्के चढतात. मग एके दिवशी पट्टा पृथ्वीला सोडून बाजूला सरकतो आणि आकडा कोसळतो. बहुतेक वेळा असेच घडते. २००४ च्या डिसेंबरात अपोफिस या लघुग्रहाची शक्यता २.७ टक्क्यांपर्यंत गेली होती. आज आपल्याला माहीत आहे की १३ एप्रिल २०२९ रोजी तो पृथ्वीपासून सुमारे ३२ हजार किलोमीटरवरून निघून जाईल, धक्का न लावता.

"मग घाबरायचे कशाला?" भाचीने विचारले.

"घाबरायचे नाही," नात दप्तर भरता भरता म्हणाली, "पण बघायचे सोडायचेही नाही. मागच्या आठवड्यात माघी पौर्णिमेचा चंद्र होता. त्याच्या उजेडात हा फिकट ठिपका नीट दिसत नव्हता. आता चंद्र उतरला आहे, म्हणून पुन्हा मोजताहेत."

त्या दिवशी दुपारी जावयांनी मला तापीवर नेले. नदी शांत होती, पात्र रुंद, पलीकडे उंच इमारती. जुन्या होप पुलाच्या जागेवरचे पाण्याचे माप इथे प्रमाण धरतात. साडेनऊ मीटर म्हणजे धोक्याची पातळी. २००६ च्या ऑगस्टमध्ये सुमारे शंभर किलोमीटर वरच्या उकाई धरणातून ९ लाख क्युसेकच्या आसपास पाणी सोडावे लागले आणि हे माप १२ मीटरच्या वर गेले. शहराचा फार मोठा भाग पाण्याखाली होता. जावई तेव्हा एकटे राहत होते, अडाजणलाच, दुसऱ्या मजल्यावर.

"वीज नव्हती, फोन नव्हता. कोण काय म्हणते ते ऐकू येत नव्हते. आम्ही जिन्याच्या पायऱ्या मोजत होतो, मावशी. आठ राहिल्या, सात राहिल्या. सहाव्या पायरीला पाणी थांबले."

मला अक्काचे दार आठवले. कृष्णाकाठी पावसाळ्यात कोणाच्याही घरी फोन केला की पहिला प्रश्न तोच असतो, "नीर एल्लितनक बंतु?" पाणी कुठवर आले? शास्त्रज्ञ दुर्बिणीला जे विचारतात तेही याहून वेगळे नाही. कुठवर आले, किती वेगाने येते आहे, आणि आपल्या हातात किती वेळ आहे.

धोका मोजताना दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. घडण्याचा संभव किती, आणि घडलेच तर नुकसान किती. या दोन्ही मिळून लघुग्रहांसाठी ० ते १० अशी एक पट्टी केली आहे. इटलीतल्या टोरिनो शहरात १९९९ साली ती स्वीकारली, म्हणून तिचे नाव टोरिनो मापन. वायआर-४ तिच्यावर ३ वर होता. अपोफिस काही दिवस ४ वर गेला होता. त्याहून वर आजवर कोणी गेलेला नाही. नुकसान कळायला आपल्याला लांब जायला नको. बुलढाणा जिल्ह्यातले लोणार पाहिले असेल तर ते कळते. दख्खनच्या काळ्या पाषाणात जवळजवळ पावणेदोन किलोमीटर रुंदीचा खड्डा एका आघाताने पडला. अगदी लहान दगडही येतात. १७ ऑगस्ट २०२२ रोजी गुजरातच्या बनासकांठा जिल्ह्यात दियोदर भागातल्या दोन गावांत उल्का पडली. अहमदाबादच्या भौतिकी अनुसंधान प्रयोगशाळेने तपासली तेव्हा ती फार दुर्मीळ जातीची निघाली. आणि १५ फेब्रुवारी २०१३ ला रशियात चेल्याबिन्स्क शहरावर सुमारे २० मीटरचा दगड हवेतच फुटला. सूर्याच्या बाजूने आल्यामुळे तो आधी कोणाला दिसलाच नव्हता. सुमारे दीड हजार माणसे जखमी झाली. त्यातली बहुतेक फुटलेल्या काचांनी, कारण लख्ख उजेड पाहून लोक खिडकीशी गेले होते.

एक किलोमीटरहून मोठे, म्हणजे साऱ्या जगाला धोका ठरतील असे लघुग्रह बहुतेक सगळे सापडले आहेत आणि त्यांतला एकही नजीकच्या काळात आपल्या वाटेवर नाही. पण १४० मीटरहून मोठे, एखाद्या प्रांताचे नुकसान करू शकतील असे, अजून निम्मेही सापडलेले नाहीत. म्हणून तर हा सारा खटाटोप. लवकर सापडला तर उपायही आहे. २६ सप्टेंबर २०२२ रोजी नासाने डार्ट हे यान डायमॉर्फस नावाच्या लहानशा लघुग्रहावर मुद्दाम आदळवले. दुसऱ्या मोठ्या लघुग्रहाभोवतीची त्याची फेरी ३२ मिनिटांनी लवकर होऊ लागली. दहा वर्षे आधी नुसता हळूच धक्का दिला तरी वाट बदलते. दहा दिवस आधी कळले तर गाव रिकामे करण्यापलीकडे काही हाती राहत नाही.

सुरतेला हे चांगले कळते असे मला तिथे राहून वाटले. १९९४ च्या सप्टेंबरमध्ये इथे प्लेगची बातमी पसरली आणि लाखो माणसे गाड्या भरभरून पळाली. आपल्याकडेही तेव्हा सुरतेहून आलेल्या माणसाला दारात उभे करत नव्हते, हे जुन्या वाचकांना आठवत असेल. पुढच्याच वर्षी एस. आर. राव आयुक्त म्हणून आले आणि त्यांनी शहर असे झाडून काढले की १९९६ साली 'इन्टॅक' या संस्थेने सुरतेला चंदीगडच्या खालोखाल देशातले दुसरे स्वच्छ शहर ठरवले. २००६ च्या पुरानंतर शहराने पुराची आगाऊ सूचना देणारी व्यवस्था उभारली. भीती दोन्ही वेळा आली. ती ओसरल्यावर हे शहर झोपी गेले नाही.

संध्याकाळी सगळे डुमसला गेलो. काळ्या वाळूचा किनारा, ओहोटीचे पाणी लांब गेलेले, हातात टोमॅटोची गरम भजी. समोर अरबी समुद्र. त्या पट्ट्यातला. मी मुद्दाम बराच वेळ वर पाहिले. शहराच्या उजेडात चार-दोन तारे दिसत होते. त्यांतला कोणताही हलत नव्हता. तेवढ्यात अक्काचा फोन वाजला.

"आज तीन टक्के सांगताहेत," ती म्हणाली.

मी तिला पडीकुंची गोष्ट सांगितली. तिला ती पटली; हळद-गूळ पारखून घेणारी बाई आहे ती. मग मी धीर करून म्हटले, "अक्का, त्या दगडाचे शंभरात तीन. आणि तुझ्या उंबऱ्याचे? २००५ ला पाणी आले, २०१९ ला आले, २०२१ ला पायरीपर्यंत आले. वरच्या बाजूला तुम्हाला जागा मिळाली आहे, दोन खोल्याही बांधल्या आहेत. तिथे कधी राहायला जाणार?"

पलीकडे बराच वेळ काही ऐकू आले नाही. मग ती एवढेच म्हणाली, "तंगी, त्या घरात माझी सासू गेली, तुझे भावजी गेले. तुळस आहे. पाण्याचे काय, ते ओळखीचे आहे."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. अनोळखी धोक्याची भीती वाटते आणि ओळखीच्या धोक्याशी आपले घरोब्याचे नाते जडते. अक्काच नव्हे, आपण सगळेच असे आहोत. हेल्मेट न घालता बाजारात जाणारा माणूस रात्री टीव्हीवर लघुग्रह पाहून झोप घालवतो.

शुक्रवारी सकाळी नात ओरडतच उठली. आकडा कोसळला होता. बुधवारी दीड टक्का आणि गुरुवारी ०.२८ टक्के. पट्टा पृथ्वीवरून सरकला होता. जावई म्हणाले, "खोटा खडा दुसऱ्याच्या वाट्याला गेला." टीव्हीवर त्या दिवशी ही बातमी शोधावी लागली, भीतीला जेवढी जागा मिळाली होती तेवढी सुटकेला मिळाली नाही. मी रविवारी रात्री निघाले. निपाणीला पोहोचले त्याच दिवशी, २४ फेब्रुवारीला, आकडा ०.००४ टक्क्यांवर आला. मार्चमध्ये अवकाशातल्या जेम्स वेब दुर्बिणीने त्याचा आकार पाहिला; सुमारे ६० मीटर निघाला. २०३२ साली तो आपल्याला चुकवून जाणार आहे.

पण शोध थांबलेला नाही. चिलीतल्या व्हेरा रुबिन वेधशाळेने जून २०२५ मध्ये आपले पहिले फोटो दाखवले, तेव्हा दहाएक तासांच्या निरीक्षणातच २,१०४ नवे लघुग्रह सापडले होते. त्यातले सात पृथ्वीजवळचे होते. धोका एकाचाही नाही. यापुढे अशा बातम्या वरचेवर येतील. टक्के चढतील, उतरतील. चढतील तेव्हा आपल्या घरच्या मुलांना पडीकुंची गोष्ट सांगावी.

अक्का वरच्या जागेत राहायला गेली का, असे वाचक विचारतील. नाही गेली. पण जूनमध्ये तिचा फोन आला. जमिनीची कागदपत्रे, भावजींचे फोटो, पितळी भांडी आणि धान्याची दोन पोती तिने वरच्या खोलीत नेऊन ठेवली होती. दाराबाहेरच्या पायऱ्यांना चुन्याचे पट्टे ओढून घेतले होते. "तिसऱ्या पट्ट्याला पाणी लागले की मी निघणार," ती म्हणाली, "पाचव्याची वाट बघणार नाही."

त्या पावसाळ्यात मी रोज संध्याकाळी फोन करून एकच विचारत होते, "अक्का, नीर एल्लितनक बंतु?"